स्वेटरचं वजन

आमच्या गावात मी ‘कपडे काढायला लावणारी बाई’ म्हणून ओळखली जाते. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण त्यात तसं काही नाही. मी अंगणवाडी सेविका आहे. जानेफळच्या अलीकडे, मेहकर रस्त्याला लागून आमचं गाव. तिथं सोळा वर्षांपासून दर महिन्याला गावातल्या सगळ्या लहान लेकरांची वजनं मी घेते. आणि वजन म्हणजे वजन. अंगावर बनियन आणि चड्डी, बस. मग डिसेंबर असो की काही असो. आया पाठीमागं शिव्या घालतात, आज्या तर तोंडावर म्हणतात की या बाईले दयामाया नाही. लेकरं मला रस्त्यात पाहूनसुद्धा भोकाड पसरतात. कुणी म्हणालं की बाई, स्वेटरचा अर्धा किलो धरा अन् वजा करा, तर माझं ठरलेलं उत्तर असतं: अंगावरचं काढा, मग चढवा. हे मी इतक्या वेळा बोललेय की आमच्या मदतनीस मावशी माझ्याआधीच ते पुटपुटतात.

मावशी साठीला टेकल्यात. खिचडी शिजवणं, झाडलोट, लेकरांना घरून आणणं हे त्यांचं काम. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण आकडे पक्के. काट्यावरचा आकडा त्या दारातून वाचतात. मला चष्मा लावूनही तो दिसत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं ते सांगताना मला माझीच लाज वाटते.

मागच्या वर्षी होळीच्या सुमाराला घरोघरी सर्व्हे चालू होता. चार घरं झाली की दम लागून मी कुणाच्या तरी ओट्यावर बसायची. शुगर मला दहा वर्षांपासून, बीपी त्याच्यानंतर आलेलं, आणि वजन चौऱ्याऐंशी. मला वाटायचं, हा वजनाचा दम आहे. सगळे तेच म्हणायचे. कुणी दुधीचा रस सांगितला, कुणी सकाळी तांब्याभर कोमट पाणी सांगितलं. मी पाणी प्यायले, चांगलं दोन महिने प्यायले. एका दुपारी ओट्यावरून उठायला गेले आणि श्वासच लागेना. तिथून मला गाडीत घालून थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

छातीत पाणी भरलं होतं. चार दिवस मी पलंगावर बसून काढले, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, पाठीशी उशा. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. श्वास घ्यायचाय आणि आत त्याला जागाच नाही, असं ते असतं. दुसऱ्या कशाची उपमा मला सुचत नाही आणि सुचूही नये. त्या चार दिवसांत मी कुणाला काही मागितलं नाही. फक्त दाराकडं बघत होते, डॉक्टर केव्हा येतात म्हणून.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा पंप कमजोर झालाय. आमच्या यांचं मोटारी भरायचं दुकान आहे, शेतातल्या पाण्याच्या पंपांची कॉइल जळली की लोक यांच्याकडं आणतात. पंप म्हटल्यावर यांना तेवढं बरोबर कळलं. डॉक्टरांना विचारतात कसे, याचं वाइंडिंग होत नाही का. डॉक्टर हसले. मी मास्कच्या आत रडत होते, यांना वाटलं मीपण हसतेय.

सुटी देताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, वजन हळूहळू सत्तरीपर्यंत आणा, वर्ष लागो, दोन वर्षं लागोत. दुसरी, रोज सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर, सारख्याच कपड्यांत वजन करा आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, ते पाणी आहे. त्याच दिवशी फोन करा. मीठ नावापुरतं, पाणी मोजून, आणि पाण्याची गोळी, म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी, रोज, एक दिवसही चुकवायची नाही. मग चष्मा काढून ते म्हणाले, “पुन्हा छातीत पाणी भरलं तर मागच्यासारखं सोपं जाणार नाही, ताई.”

मागचं त्यांच्या लेखी सोपं होतं.

घरासाठी काटा आणला होता, तीनदा चढलं की तीन वेगळे आकडे दाखवायचा. म्हणून मी अंगणवाडीच्या काट्यावर वजन करू लागले, गरोदर बायांसाठी असतो त्या. रोज आठला जायचं, कुलूप उघडायचं, मावशी झाडत असायच्या, मी काट्यावर चढायची, वहीत लिहायची आणि घरी येऊन कोरा चहा प्यायची. जेवण निम्मं केलं. ज्वारीची अर्धी भाकरी, भाजी बिनमिठाची. ठेचा सोडला. वऱ्हाडातल्या माणसानं ठेचा सोडणं म्हणजे काय, ते ज्यानं सोडला त्यालाच माहीत. दिवाळी झाली तेव्हा काटा अठ्ठ्याहत्तरवर आला होता. गावातल्या बाया भेटल्या की म्हणायच्या, “काऊन वं बाई, किती वायल्या तुमी!” आमच्याकडं वाळणं म्हणजे दुखणं, त्यामुळं त्या हळहळायच्या. मी मात्र मनातून फुगायची. सहा किलो उतरवलेत, गंमत आहे का?

तिथंच घोटाळा झाला. उतरणारा आकडा मला इतका आवडायला लागला की तो वर गेलेला मला बघवेना.

डिसेंबरमध्ये मेहकरला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. नवीन मोबाइल, त्यात लेकरांची माहिती कशी भरायची ते शिकायचं. आता पाण्याची गोळी घेतली की पुढचे दोन-तीन तास माणसाला बाथरूमपासून लांब जाता येत नाही. एसटीत तासभर, मग हॉलमध्ये साठ-सत्तर बाया आणि मागं एकच संडास, त्यालाही कडी नाही. मी काय करणार? तीन दिवस गोळी सकाळी घेतली नाही. संध्याकाळी घेईन म्हटलं, आणि संध्याकाळी दमून झोपले. माझ्यासारख्या तिथं आणखी असतील, बायकांच्या जातीला हे सांगायला नको. चौथ्या दिवशी चुलत नणंदेच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. सगळ्यांचं जेवण एका कढईत, माझ्यासाठी बिनमिठाचं वेगळं कोण करणार, आणि मी तरी कुणाला सांगणार? खाल्लं. दोनदा भाजी घेतली, खोटं कशाला बोलू.

प्रशिक्षणाच्या आधी अठ्ठ्याहत्तर पॉइंट दोन होतं. दुसऱ्या दिवशीच एकोणऐंशी पॉइंट एक आलं. थंडी होती, मी अंगावर स्वेटर घातलेला. मी वहीत लिहिलं अठ्ठ्याहत्तर पॉइंट पाच आणि पुढं बारीक अक्षरात, ‘स्वेटर वजा’. तिसऱ्या दिवशी ऐंशी पॉइंट तीन. त्या दिवशी स्वेटरवर शालही होती. अठ्ठ्याहत्तर पॉइंट नऊ लिहिलं. रोडग्यांच्या दुसऱ्या दिवशी एक्याऐंशी पॉइंट चार. मी उभ्या उभ्या हिशेब केला: स्वेटर, शाल, मोजे, केस ओले. एकोणऐंशी पॉइंट दोन लिहिलं आणि वही मिटून पिशवीत कोंबली.

कुणी म्हणेल, शिकलेली बाई, रोज हेच काम करते, तिला कळलं नाही? कळत होतं ना. चपलेच्या पट्ट्याचा वण पायावर संध्याकाळपर्यंत राहत होता. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा, म्हणून मी बोट दाबणंच बंद केलं. झोपताना दोन उशांच्या तीन झाल्या. यांनी विचारलं तर मी म्हटलं, मान दुखते. लेकरांना गाणं शिकवताना दुसऱ्या ओळीवर श्वास संपायचा, मग मी त्यांनाच म्हणायला लावायची आणि वर त्यांच्यावरच ओरडायची की आवाज काढा, आवाज. मी भ्यायले होते. वाढलेला आकडा लिहिला तर फोन करावा लागेल, फोन केला तर या म्हणतील, गेले तर ठेवून घेतील, आणि या वेळी सोपं जाणार नाही असं ते आधीच बोललेत. वहीत एकोणऐंशी आहे तोवर मी माझ्या घरी आहे. असं माझं डोकं चालत होतं.

वहीत एकोणऐंशी पॉइंट दोन लिहिलं, त्याच दिवशी लेकरांचा वजनाचा दिवस होता. अकराच्या सुमाराला वस्तीवरची एक बाई सव्वा वर्षाची पोर घेऊन आली. रोजानं कापूस वेचायला जाणारी, नवरा वीटभट्टीवर. पोरीच्या अंगात लाल स्वेटर, कुणीतरी घरी विणलेला, बाह्या दुमडलेल्या. तिनं पोरीला तशीच टांगत्या काट्याच्या झोळीत घातली आणि म्हणाली, अर्धा किलो धरा स्वेटरचा. मला आधीच दम लागलेला, त्यात हे. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. स्वेटर कधी अर्ध्या किलोचा असतो का म्हटलं. स्वतःच्या हातानं बटनं काढली, पोर रडायला लागली, आणि तिच्या आईला दाखवायचं म्हणून तो स्वेटर मी एकटाच झोळीत टाकला. काटा जेमतेम हलला. दीडशे ग्रॅम. मग पोरीला टांगलं. मागच्या महिन्यापेक्षा तीनशे ग्रॅम कमी होती. तिची आई खाली बघत उभी राहिली. स्वेटर घालतानासुद्धा तिनं मान वर केली नाही.

एकपर्यंत सगळ्या बाया गेल्या. ऊन चढलं म्हणून माझा स्वेटर आणि शाल मी खुर्चीच्या पाठीवर टाकली होती. मी मोबाइलमध्ये वजनं भरत बसले होते. मावशींनी खिचडीचं पातेलं घासून पालथं घातलं, हात पुसले, खुर्चीवरून माझा स्वेटर उचलला, शाल उचलली, आणि दोन्ही त्या झोळीत ठेवलं.

मी बघत राहिले. काटा थोडा हलला आणि थांबला.

“सातशे,” मावशी म्हणाल्या. मग माझ्या पिशवीकडं हात केला. “तुमी दोन किलोच्या वर वजा करून लिवलं सकाळी. म्या पाह्यलं दारातून.”

मला राग आला. आधी रागच आला. माझ्या वहीत डोकवायचं यांना काय काम? मी म्हणायला गेले की केस ओले होते. पण ओले केस दीड किलोचे होत नाहीत, हे मी बोलायच्या आत मलाच ऐकू आलं. सोळा वर्षं ज्या आयांना मी खोटं पाडत आले, त्यांतल्या एकीनंही माझ्याएवढी वजाबाकी केली नव्हती.

मावशी काट्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “बाई, अंगावरचं काढा, मंग चढा.”

स्वेटर-शाल तर झोळीतच होतं. मी मोजे काढले, हातातलं घड्याळ काढलं, चढले. पोटात सकाळचा चहा आणि अर्धी भाकरी होती, तेवढं धरलं तरी काय. एक्याऐंशी पॉइंट दोन. पाच दिवसांत तीन किलो. मी काट्यावरून उतरायच्या ऐवजी तिथंच खाली बसले. मावशींना म्हटलं, मला मरायचं नाही. एवढंच म्हटलं, पण ते तोंडातून निघालं आणि मग रडू आवरेना. मावशींनी माझ्याच मोबाइलवरून यांना फोन लावला.

हे दुकान उघडं टाकून आले. काय झालं वं, काय झालं वं, एवढंच विचारत होते. मी वही काढून हातात दिली. त्यांनी ‘स्वेटर वजा’ वाचलं आणि वही मिटून खिशात घातली. ऑटो केला. मेहकरपर्यंत मी पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते. रस्ता खराब होता, प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता श्वास अडकणार. मेहकरच्या डॉक्टरांनी शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला, तिथंच इंजेक्शन दिलं, भरती करून घेतलं. पहिले दोन तास मी छताकडं न बघता दाराकडं बघत होते, मागच्यासारखीच. मग लघवी सुरू झाली. नर्स प्रत्येक वेळी मोजायची आणि आकडा सांगायची. आयुष्यात कधी कुठल्या आकड्याचा एवढा आनंद झाला नाही.

तीन दिवस राहिले. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस घरी काढले असते तर ऑटोनं आणता आलं नसतं. गोळीची वेळ त्यांनी बदलून दिली. प्रशिक्षण असेल तर दुपारी तीनला घ्या, घरी आल्यावर घ्या, पण घ्या. हे मला पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं. तोंड होतं ना मला, दुनियेला झापायला होतंच की.

यांनी परतताना वाटेत एकदाच विचारलं, “मले काऊन नाही सांगितलं?” मी म्हटलं, भ्या वाटत होतं. ते म्हणाले, मग मलाही वाटू द्यायचं होतं.

भीती गेली म्हणावं तर तसं नाही. उलट वाढली. पूर्वी मी आकडा कापून लिहायची, त्यामुळं थोडी सवलत मिळायची. आता मावशी काट्यासमोर उभ्या असतात. मी स्वेटर, शाल, मोजे, घड्याळ सगळं काढून खुर्चीवर ठेवते, गार काट्यावर पाय ठेवते, डोळे मिटते. आकडा मावशी वाचतात, मी लिहिते. आकडा फिरून थांबेपर्यंतचे दोन-तीन सेकंद असतात, त्यात माझं सगळं होऊन जातं.

त्या वस्तीवरच्या बाईचं मला दवाखान्यातच आठवलं होतं. तिला पोरीचं वजन उतरल्याचं आधीच माहीत होतं, रोज कडेवर घेते ती तिला. म्हणूनच स्वेटर काढू देत नव्हती. सोळा वर्षं मला वाटायचं, आयांना लेकराच्या थंडीची काळजी असते.

जानेवारीच्या वजनाच्या दिवशी ती आली, पण अकराला नाही. आठलाच आली, मी स्वतःच्या वजनाला गेले होते तेव्हा. शेतावर जायचं म्हणाली. खरं म्हणजे तिला बाकीच्या बायांसमोर यायचं नव्हतं, आणि ते माझ्यामुळंच. पोरीच्या अंगात तोच लाल स्वेटर. बटनांवर तिचा हात.

मी तिला थांब म्हटलं. माझा स्वेटर काढला, शाल काढली, मोजे, घड्याळ. काट्यावर चढले आणि तिला म्हटलं, वाच. ती घाबरून मावशींकडं बघायला लागली. मावशींनी मान हलवली. तिनं वाकून वाचलं, अठ्ठ्याहत्तर.

आदल्या दिवशी सत्याहत्तर पॉइंट दोन होतं. आठशे ग्रॅम एका दिवसात. खुर्चीवरच्या स्वेटरकडं नजर गेली, तिथून काही मिळणार नव्हतं. मी वहीत अठ्ठ्याहत्तर लिहिलं.

“लय वाढलं का बाई?” तिनं विचारलं.

“हाव. आज मोजून पानी पिईन. उद्या अजून वाढलं त डॉक्टरले फोन करा लागीन.”

“भ्या नाही वाटत तुमाले?”

“वाटते ना. पाय पाह्य माहे, कापून राह्यले.”

तिनं खरंच माझ्या पायांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पोरीला मांडीवर घेऊन ती खाली बसली, आणि लाल स्वेटरचं वरचं बटन काढायला लागली.